अण्णांचं वाक्य

महारुद्र अण्णांच्या हातात माईक देऊन निर्धास्त बसेल, असा माणूस मुरुम गावात तरी कुणी नव्हता. अण्णा आमदार होते, मनानं दिलदार होते, पण टाळी पडली की त्यांची जीभ सुटायची आणि मग ती कुणाच्या बापाला आवरायची नाही. हे अख्ख्या गावाला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त जिल्ह्याच्या कमिटीला, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

साल छप्पन्न, महिना नोव्हेंबर. आपला मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. तिकडं इस्रायलनं इजिप्तवर चाल केली, मागोमाग इंग्रज आणि फ्रेंच घुसले, आणि इकडं पार्टीचा हुकूम सुटला की गावोगाव निषेधाच्या सभा घ्या. आता बाजारात तूर विकायला आलेल्या माणसाला कुठलं इजिप्त अन् कुठलं काय, पण हुकूम म्हणजे हुकूम. सभा भरली. अण्णा बोलायला उभे राहिले आणि जैनोद्दीन कोपऱ्यात वही घेऊन बसला.

जैनोद्दीन तालुका कमिटीचा चिटणीस. निजामाच्या काळात शिकलेला, म्हणून भाषण चालू असताना तो उर्दूत भराभर टिपून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचं मराठी इतिवृत्त करून जिल्ह्याला धाडायचा. त्याचं टिपण म्हणजे शब्दाला शब्द. "म्या शिंकलो तरी जैनू लिहून घेतोय," असं अण्णाच चारचौघांत कौतुकानं सांगायचे. त्या दिवशीही तो मान खाली घालून लिहीत होता. निषेध झाला, इजिप्तची बाजू मांडून झाली. मग मागून कुणीतरी काहीतरी ओरडलं, हशा पिकला, आणि अण्णांना चेव आला.

"निषेध तर करतोच आमी. पण खरं सांगू का? ते इस्रायलवाले मूठभर, तरी कसं मैदान साफ केलं बघा. आपल्यालाबी ॲक्शनच्या साली तेच करायचं होतं. आपण अर्ध्यातच हात आखडला."

टाळ्या कडाडल्या. जैनोद्दीननं ते वाक्य सवयीनं लिहून काढलं, आणि लिहून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय लिहिलं. त्यानं मान वर केली. डाव्या अंगाला बागवानांची माणसं उभी होती, ती एकेक करून निघाली होती. म्हातारा वलीचाचा तर केळीची पाटी तिथंच टाकून गेला.

ॲक्शनचं साल म्हणजे अठ्ठेचाळीस. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, रझाकारांचा जाच संपला, लोक नाचले. नाचण्यासारखंच होतं ते. पण त्याच आठवड्यात ज्यांनी जन्मात कुणावर काठी उगारली नव्हती, त्या गरीब मुसलमानांवर सूड निघाला. जैनोद्दीनचं आणि अण्णांचं मूळ गाव एकच, मुरुमपासून तीन कोसांवर. तिथं बाहेरून जमाव आला तेव्हा अण्णांनी जैनोद्दीनला आणि त्याच्या आईला, शरिफाबीला, आपल्या मळ्यातल्या कडब्याच्या गंजीत लपवलं. अकरा दिवस. वलीचाचाही तेव्हा त्याच गावात राहायचा; थोरला भाऊ हनीफ त्याला बोलवायला म्हणून गावात गेला, तो परत आलाच नाही. वलीचाचा वाचला, हनीफ गेला. ज्यानं आपल्याला जिवंत ठेवलं, तोच माणूस भर बाजारात म्हणतो की काम अर्धं राहिलं. ह्याचं काय करायचं ते जैनोद्दीनला कळेना. इतिवृत्तही त्यानं ह्या खेपेला धाडलं नाही.

तिसऱ्या दिवशी वाक्य सोलापूरच्या पेपरात आलं आणि चौथ्या दिवशी जिल्ह्याचे शांतलिंग वकील जीप घेऊन हजर. पार्टीत काही उसवलं की टाके घालायला ह्यांनाच पाठवत. कमिटीच्या खोलीत ते, अण्णा आणि जैनोद्दीन असे तिघंच बसले.

"पेपरवाल्यानं विपर्यास केला, असं आपण वर कळवतोय," वकील म्हणाले. "पण उद्या कुणी म्हणंल, कागद दाखवा. कागद एकच, तुमचं इतिवृत्त. त्यात ते वाक्य नको."

"पण ते बोलले, वकीलसाहेब. म्या लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय म्हणून तर तुमच्याकडं आलो." वकील हसले. "आणि येत्या बाजाराला परत सभा घेऊ. तुम्ही उभं राहायचं. अण्णांनी तुम्हाला कसं वाचवलं ते सगळं सांगायचं. शेवटी इतकंच, की अण्णा तसं बोललेच न्हाईत. हे दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याला किंमत न्हाय. चार महिन्यांवर इलेक्शन आलंय. अण्णांचं तिकीट आता तुमच्या तोंडी आहे."

जैनोद्दीननं अण्णांकडं बघितलं. अण्णा सुपारी कातरत होते. "वकीलसाहेब म्हणतात तसं कर, जैनू," एवढंच म्हणाले, तेही अडकित्त्याकडं बघत.

आता ह्या भल्या माणसाला दोन शब्दांत माफी मागायला काय धाड भरली होती? त्यांनी मागितलीही असती कदाचित. पण पार्टीनं तो शब्दच कागदावर घेतला नव्हता. माफी मागितली की बोलल्याचं कबूल होतं, आणि कबूल झालं की वरच्यांना काहीतरी करावं लागतं. त्यापेक्षा जैनोद्दीन सोपा.

घरी त्यानं आईला सांगितलं. शरिफाबी तांदूळ निवडत होती. "अण्णांनी वाचवलं हे खोटं हाय का?" तिनं विचारलं.

"न्हाय, अम्मा."

"मग सांग की. अण्णांची कस्तुराबाई वर गोवऱ्या अन् खाली भाकरी अशी पाटी डोक्यावर घेऊन यायची. घरधन्याआधी तिचा जीव गेला असता. तिचं नाव गावानं ऐकावं, मला बरं वाटंल." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "पुढचं तुझं तू बघ. हनीफ असता तर त्याला विचारलं असतं."

संध्याकाळी वलीचाचा आला, पण आत येईना. दारातच उभा राहून म्हणाला, "तू वर उभा राहून न्हाय म्हणालास की आमची तोंडं बंद झाली, बेटा. उद्या कुणी काही केलं अन् आमी ओरडलो, तर म्हणतील, तुमचाच माणूस म्हणतो की असलं काही न्हवतंच." आणि काठी टेकत निघून गेला.

बाजाराच्या दिवशी सभेला मागच्यापेक्षा दुप्पट माणूस. जैनोद्दीन उभा राहिला. त्यानं गंजीतले अकरा दिवस सांगितले. खोकला येऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबून बसलेली आई सांगितली. कस्तुराबाईची पाटी सांगितली. जमाव मळ्यापर्यंत आला तेव्हा अण्णा गंजीला पाठ लावून, कुऱ्हाड घेऊन कसे उभे राहिले तेही सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. अण्णांचेही डोळे भरून आले. वकिलांनी पहिली टाळी वाजवली आणि सगळा बाजार वाजवू लागला.

शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं. जैनोद्दीनला पळून जावंसं वाटत होतं. त्यानं खिशातून वही काढली.

"हे सगळं खरं हाय," तो म्हणाला, "आन् मागच्या बाजाराला अण्णा जे बोलले तेबी खरं हाय. म्या लिहून घेतलंय." त्यानं ते वाक्य जसंच्या तसं वाचलं. "अर्ध्यात हात आखडला म्हणतात. झालं ते अर्धं म्हणजे माझा हनीफभाई. राहिलं ते अर्धं म्या अन् माझी आई. आमाला अण्णांनीच जिवंत ठेवलं. मग चुकलं काय त्यांचं, ठेवलं ते का बोलले ते? एवढं त्यांनी सांगावं."

वकिलांनी पुढं होऊन माईक हातातून काढून घेतला, घाईनं जयहिंद म्हटलं आणि सभा उरकली.

पार्टीनं मग आपलं काम चोख केलं. आठ दिवसांत कागद आला. जैनोद्दीनला शिस्तभंगाबद्दल चिटणीसपदावरून आणि पार्टीतून काढलं होतं. खाली दुसरं कलम होतं, की चिटणीसच बडतर्फ असल्यामुळं त्यांचं टिपण ग्राह्य नाही, सबब आमदारांच्या कथित वाक्याची अधिकृत नोंद उपलब्ध नाही. प्रकरण मिटलं. अण्णांचं तिकीट पक्कं झालं. एवढ्या बारीक अकलेची माणसं शेतीत असती तर माळरानावर ऊस पिकला असता.

कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः जैनोद्दीनच्या गल्लीत आले. एकटेच. ओट्यावर बसले. जैनोद्दीन बाहेर आला आणि भिंतीशी उभा राहिला. शरिफाबीनं नेहमीसारखा चहा आणून ठेवला. अण्णांनी कपाला हात लावला नाही.

"भाबी, ह्यानं मला भर बाजारात उघडं पाडलं," अण्णा म्हणाले. आवाज दुखावलेला होता, खोटा नव्हता. "तुमच्या पोराला ठाऊक न्हाय का मी कसा हाय ते? म्या तुमच्याबद्दल बोललो न्हवतो."

"ते ठाऊक हाय, अण्णा," शरिफाबी म्हणाली. "मग कुणाबद्दल बोलला? नाव सांगा. म्हणजे त्यांच्या घरला जाऊन सांगून येते."

अण्णांनी तोंड उघडलं. समोर वलीचाच्याचं दार होतं, त्याच्या पोरीच्या लग्नात अण्णांनी स्वतः पंगतीत वाढलं होतं. पलीकडं पिंजारी, ज्याच्या गाद्यांवर त्यांची नातवंडं निजत. त्याच्या शेजारी कुलसुमबी, जिनं कस्तुराबाईंची तीन बाळंतपणं केली. अण्णा एकेका दाराकडं बघत गेले, गल्ली संपेपर्यंत बघत गेले.

"सांगा की," शरिफाबी म्हणाली, आणि उत्तरासाठी तशीच उभी राहिली.