जित्या हाडातली मी

मित्रांनो, मी एक जुनी अस्थिमज्जा आहे. लोणीच्या सुंदराच्या कमरेच्या हाडात मी गेली चौतीस वर्षे कोंडलेली आहे. माझ्या घराला दार नाही, खिडकी नाही. चारी बाजूंनी हाड आणि काळोख. हाडाच्या आत बारीक जाळी असते, त्या जाळीत मी लाल चिखलासारखी भरलेली असते.

इथे बसून मी रक्त घडवते. प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि खरचटल्यावर रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट. घडलेली पेशी बारीक रक्तवाहिनीतून बाहेर पडते. कधी डोळ्यांपर्यंत जाते, कधी बोटाच्या टोकापर्यंत. मी मात्र जागची हलत नाही. तांबडी पेशी चार महिने फिरते आणि संपते. तिने काय काय पाहिले ते मला कधीच कळत नाही.

सुंदरा लहान होती तेव्हा तिच्या हातापायांच्या लांब हाडांतही मी लाल होते. ती वाढली तशी तिथे पिवळी चरबी साठली आणि मी कंबर, छाती, बरगड्या, मणके अशा ठिकाणी उरले. जागा आखडली, काम तेवढेच राहिले. दिवसभर मेंढरांमागे चालून तिला दम लागत नसे, त्यात थोडे कष्ट माझेही होते. पण त्या घरात माझे नाव कुणी काढले नव्हते.

ते निघाले मागच्या हिवाळ्यात. सुंदराचा धाकटा भाऊ कुंडलिक पेठला राहतो, ट्रॅक्टर चालवतो. त्याच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की याच्या हाडांतल्या मज्जेने काम सोडले आहे. दुसऱ्याची जुळती मज्जा मिळाली तर हा वाचेल. सुंदराचे रक्त तपासले आणि मी जुळले. महिन्याभरात या, असे डॉक्टर म्हणाले.

सुंदराचा नवरा भरत कळप घेऊन कोकणात उतरला होता. घरी दोन मुले, मागे राहिलेली पंधरा मेंढरे आणि सासरे बिरदेवआबा. आबांचा उभा जन्म मेंढरांत गेलेला.

“जलमभर नळ्या फोडून खाल्ल्यात म्या,” आबा म्हणाले. “आतला गर एकदा निघाला की हाडात नुसता वारा ऱ्हातो. तुझ्या कमरेत वारा भरला तर पोरांना कोण उचलंल?”

“डाक्टर म्हणत्यात, परत भरतं.”

“डाक्टरनं किती मेंढरं सोललीत?”

मित्रांनो, सुंदरालाही आतून तेच वाटत होते. मटणातली नळी तिनेही पाहिली होती, रिकामी झालेली, आरपार दिसणारी. भाकरी थापता थापता तिचा हात कमरेवर जाई, नेमका माझ्या भिंतीवर. ‘मी भरते गं, मीच तर भरते,’ असे मला तिला सांगायचे होते. पण हाडाला कान असले तरी तोंड नसते. दिवस सरत होते आणि मी आत तडफडत होते.

एकदा कुंडलिकचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

“ताय, भ्या वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे. तसंबी तुझं रगत माझ्यात आलं तर मीबी तुझ्यावानी दिसभर बडबडत बसंन.”

“मग तर येतेच बघ,” ती हसून म्हणाली. फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

आठवडाभराने आबा अंगणात एका मेंढीच्या पायाच्या चिंध्या सोडत बसले होते. दीड महिन्यापूर्वी तिचा पाय मोडला होता. आबांनीच बांबूच्या कामट्या लावून तो चिंध्यांनी आवळला होता. सुंदराने मेंढीची मान धरली होती. आबांनी शेवटची चिंधी काढली आणि अंगठ्याने हाड चाचपले.

“आक्षी जुळलंय,” ते म्हणाले. “गाठ लागतीय हाताला.”

सुंदरा त्या पायाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आबा, हाड आतून कुणी भरलं?”

“कुणी म्हंजी? आपसूक भरतं. जितं हाड हाय.”

“आन् तुमी फोडलेल्या नळ्या?”

आबांचा अंगठा मेंढीच्या पायावर थांबला.

“त्या मेलेल्या मेंढरांच्या व्हत्या, आबा. जित्या मेंढराची नळी तुमी कवा बघितलीया?”

आबांनी मेंढीचा पाय सोडला. मेंढी हिसडा देऊन सुटली, दोन पावले लंगडली आणि कळपात गेली.

“न्हाई बघितली,” आबा म्हणाले. “जा तू. पोरांचं आन् मेंढरांचं मी बघतो. पर माझ्या हातची भाकरी पोरं खातील का, ते इचार त्यांना.”

पुण्यात सुंदराला भूल दिली आणि माझ्या भिंतीत सुई शिरली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझा एक भाग बाहेर पडला. तो पिशवीत भरला गेला, तिथून कुंडलिकच्या शिरेत सोडला गेला आणि रक्तातून वाहत जाऊन, वाट कुणी न दाखवता, त्याच्या हाडांत शिरला. म्हणजे पुन्हा कोंडला गेला.

सुंदराची कंबर आठवडाभर ठणकली. काही आठवड्यांत मी पूर्वीइतकी भरले. पण त्या दुसऱ्या हाडात काय चालले आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता. एकोणिसाव्या दिवशी फोन वाजला.

“ताय, पेशी वाढाय लागल्या,” कुंडलिक म्हणाला. सुंदराच्या आधी आबांनीच देवाला हात जोडले.

मित्रांनो, मोठे झाल्यावर कुणी तुमच्याकडे मला मागितले तर तुम्हालाही भीती वाटेल. वाटू द्या. पण नकार देण्याआधी जाणत्या माणसाला नीट विचारा, कारण आतून मला बोलता येत नाही. आणि तोपर्यंत जेवताना ताटातली हिरवी भाजी टाकू नका. रक्त घडवायला मला ती लागते.

माझा तो भाग पेठला आहे. आमची आता भेट होणार नाही. कुंडलिक अजून जंतू लागू नयेत म्हणून तोंडाला फडके बांधूनच घराबाहेर पडतो, पण परवा तो ट्रॅक्टरला हात लावून आला म्हणे. म्हणजे तिकडे काम चालू आहे.