मान खाली, डोळे उघडे

गुरुवारी संध्याकाळी उचगावच्या त्या पत्र्याच्या शेडबाहेर चपलांचा असा ढीग पडायचा की घरी जाताना निम्मे लोक दुसऱ्याचीच घालून जायचे. आत पानमहाराज! कागलच्या एमआयडीसीतली पोरं पाळी सुटली की तडक इकडं यायची. बागायतदार पुढच्या खुर्च्यांवर, आणि त्यांच्या शेजारी एक दातांचे डॉक्टरसुद्धा हात जोडून बसलेले. त्यांना बघितलं की माझीच दाढ ठणकायची.

चमत्कार असा. महाराज पाटावर बसायचे. पुढं लाल सतरंजी, तिच्यावर समई आणि चांदीचा कुंकवाचा करंडा, हातात पत्त्यांचा कॅट. भक्तानं प्रश्न विचारायचा. महाराज एक पान उघडं टाकायचे आणि मग गरजायचे, "माना खाली! डोळं मिटा! पानआई येतीया!" सगळं शेड वाकायचं. तेवढ्यात महाराज दुसरं पान पालथंच पहिल्याखाली सरकवायचे. ते पान कुणी बघितलेलं नाही, म्हणे महाराजांनीही नाही. तरी डोळे फिरवून सांगायचे, "इस्पिकचा गुलाम!" उलटून बघावं तर इस्पिकचा गुलाम. की शेड दणाणलंच.

"माणूस खोटं बोलंल, पान खोटं बोलत न्हाय," महाराज म्हणायचे. "पालथं पान जेला दिसतं, तेला तुमचं नशीब दिसंना व्हय? डाक्टरची गोळी पोटात जाती, पानआईची गोळी प्रारब्धात जाती!"

प्रारब्धात जाणारी गोळी! पण एकदा पालथं पान ओळखलं की पुढचं सगळं लोकांना खरंच वाटायचं.

माझ्या आक्कालाही वाटलं होतं. तिच्याच आग्रहानं मीही दोन-चार गुरुवार तिथं बसून आले होते. आक्का माझी थोरली बहीण. तिच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागायची. ह्या मेल्यानं पान उलटलं आणि सांगितलं, गोळी बंद कर. तिनं केली. झडपेवर रक्ताची गाठ धरली आणि आक्का गेली. वर हा निर्लज्ज तेराव्याला घरी आला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्याकडं बोट करून म्हणाला, "घरात एक संशयी बाई हाय. तिच्यामुळं देवी उठून गेली." आक्काच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या सयाजी दाजींनी, त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. समाजप्रबोधन वगैरे मोठे शब्द मलाही येतात. पण खरं सांगते, मला प्रबोधन नको होतं. मला त्या माणसाचं नाक चारचौघांत कापलेलं बघायचं होतं.

अशात एक दिवस आक्काची लेक अनुजा रडत आली. अकरावीतली पोर. तिला फिट यायच्या, गोळ्या सुरू झाल्यापासून थांबल्यात. "मावशी, पप्पा म्हणत्यात, येत्या गुरुवारी माझ्या गोळ्यांचं महाराजांना विचारायचं. बंद कर म्हणाले तर?"

"तर काय! आधी आई खाल्ली, आता लेक खाणार."

अचानक गोळ्या बंद केल्या तर जिवावर बेतेल, असं तिच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं. दाजींना ते कोण ऐकवणार? माझं तोंड तर त्यांना बघायचं नव्हतं. मी अनुजाला म्हटलं, "हट्ट धर. मावशी आली तरच मी येणार, म्हण. आणि गोळी एकही चुकवू नकोस."

मग मी विश्वजितकडं गेले. माझा जुना विद्यार्थी. आता उचगावात मोबाईलचं दुकान चालवतो, त्याआधी गोव्याच्या एका कॅसिनोत पत्ते वाटायचा. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला महाराजांचा व्हिडिओ मी त्याच्यापुढं धरला. गडी हसायलाच लागला.

"मॅडम, ह्यो तर सम्राट! सम्राट नाव ह्येचं. कॅसिनोत माझ्या शेजारच्या टेबलावर पत्ते वाटायचा."

"तिथंही चमत्कार करायचा?"

"कसला चमत्कार! हाकलला त्येला." विश्वजितनं ड्रॉवरमधनं पत्ते काढले. "ब्लॅकजॅक म्हणून डाव असतोय. वाटणारा सोताला दोन पानं घेतो, एक उघडं, एक पालथं. ते पालथं कळलं तर खेळणारा जिंकतोच. म्हणून ते टेबलाला चिकटवून सरकवायचं. ह्येचा अंगठा वर उचलतोय, पान तिरकं हुतंय. समोर ठेंगणा माणूस बसला की त्येला सगळं दिसायचं. ठेंगणी माणसंच सारखी जिंकायला लागली, तवा मालकाची टूब पेटली."

"पण इथं तो स्वतः कसा बघतो?"

त्यानं व्हिडिओ थांबवला. "करंडा बघा की."

करंड्याचं सपाट झाकण आरशासारखं घासलेलं. पान त्याच्यावरनं जाताना तिरकं व्हायचं आणि महाराज झाकणात बघायचे. बस्स, एवढीच पानआई! आरशाचा धडा मी दर वर्षी शिकवते. आणि तिरकं झालेलं पान डावीकडं, अगदी खाली बसलेल्या माणसाला तर थेट दिसणार.

डावीकडं खाली कोण बसतं? बायका. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, अशीच तिथली पद्धत. बायका काय बघणार, म्हणून त्यानं तिकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. मान खाली घातली की आमचे डोळे नेमके पानाच्या पातळीला येत होते. फक्त आम्ही ते मिटत होतो!

"शिकव मला," मी म्हटलं.

रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. विश्वजित पान सरकवायचा, मी टेबलाला हनुवटी लावून बघायचे. "अख्खं पान बघू नका, मॅडम. आधी लाल का काळं. मग चित्र का ठिपकं. मग कोपरा." सुरुवातीला नुसती पांढरी झुळूक दिसायची. मग लाल दिसायला लागलं. मग राजा, राणी, गुलाम. शेवटी सत्ती-अठ्ठीसुद्धा चुकेना. मला टेबलावर डोकं टेकलेलं बघून आमचे हे म्हणाले, "अंगात आलंय काय गं?" म्हटलं, "येणाराय, गुरुवारी."

गुरुवारी मी बायकांत सगळ्यात पुढं, डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले. मागं खुर्च्यांत विश्वजित. दाजी अनुजाला घेऊन पुढं आले. माझ्याकडं बघितलंही नाही.

"महाराज, पोरीच्या फिटच्या गोळ्या बंद कराव्या का?"

महाराजांनी किल्वरची पंजी उघडी टाकली. "माना खाली! डोळं मिटा!"

मी मान खाली घातली. डोळे टक्क उघडे. महाराजांचा अंगठा उचलला. लाल. चित्र. कोपरा.

"चौकटची राणी!" मी ओरडले.

सगळ्या माना वर झाल्या. महाराजांचं तोंड उघडंच राहिलं. दाजींनीच हात पुढं करून पान उलटलं. चौकटची राणी.

पण लबाड कसला कच्चा! क्षणात सावरला आणि दोन्ही हात वर. "पानआई बाईच्या अंगात आली! पाया पडा!" आणि अहो, खरंच, बायका माझ्या पायावर पडायला लागल्या. दातांचे डॉक्टरसुद्धा उठले!

"उठा गं!" मी खेकसले. "अंगात कोण आलेलं न्हाय. डोळं उघडं हायत, एवढंच. महाराज, टाका दुसरं पान. अनुजा, माझ्या जागी बस. मान खाली, डोळं उघडं."

"टाका की, महाराज!" गर्दीच ओरडायला लागली. आता नाही कसं म्हणणार? आणि पान तिरकं केल्याशिवाय त्याला स्वतःलाच दिसत नव्हतं. पोरीनं रंग सांगितला, "काळं!" आणि लगेच, "राजा हाय, मावशी! इस्पिकचा!"

उलटलं. इस्पिकचा राजा.

"आता दाजी, तुम्ही बसा."

दाजी जागचे हलेनात. मग काय वाटलं कुणास ठाऊक, टोपी काढून त्या बायकांच्या सतरंजीवर गुडघ्यावर आले. मान खाली घातली. महाराजांनी घाईत पान सरकवलं, त्यामुळं ते आणखीच तिरकं झालं. दाजी हळूच म्हणाले, "बदामची नव्वी."

बदामची नव्वीच होती.

मी माझा रुमाल करंड्यावर टाकला. "आता तुम्ही सांगा, महाराज."

महाराज म्हणाले, "चौकटचा एक्का." निघाली किल्वरची तिर्री. "परत!" गर्दी ओरडली. बदामचा गुलाम म्हणाले, निघाली इस्पिकची सत्ती. मी रुमाल काढला आणि करंडा खुर्च्यांकडं दिला. जो तो त्या झाकणात स्वतःचं तोंड बघून पुढं देत होता.

महाराज उठायला लागले. मागनं विश्वजित म्हणाला, "बसा की, सम्राट. अंगठा अजून तसाच हाय तुमचा."

पण मला हवं होतं ते माझ्या हातनं झालंच नाही. ते दाजींनी केलं. गुडघ्यावरनं न उठताच त्यांनी विचारलं, "माझ्या बायकोच्या टायमाला बी असंच झाकणात बघितलंसा?"

महाराज दाराकडं बघायला लागले.

"माझ्या बायकोचा जीव झाकणात बघून घेतलासा?"

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. महाराजांची मान तेव्हा पहिल्यांदा खाली गेली. मला ती तशी बघायची होती, आणि मी पोटभर बघितली. ठाण्यात फिर्याद दाजींनीच दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो आज आत आहे. परत येताना दाजी गाडीजवळ थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चुकलं माझं, क्रांती."

सूड गोड लागतो म्हणतात. लागला की! खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर तो गोडवा काही टिकला नाही.

म्हणून हात जोडून नाही, चांगलं ठणकावून सांगते. देवापुढं मान घालायची तर खुशाल घाला, मी आड येत नाही. पण कुणी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले, तर नेमके तेव्हाच ते उघडे ठेवा. बघण्यासारखं काहीतरी तेव्हाच चाललेलं असतं. आणि डॉक्टरची गोळी डॉक्टरलाच विचारून बंद करा, पत्त्यांना नव्हे. माझ्या आक्कानं त्या दिवशी डोळे उघडे ठेवले असते, तर आज अनुजाला रात्रीची गोळी तिनंच काढून दिली असती.