शंभरावं कार्ड

राजारामने कोयत्याचा पहिला घाव घातला, तेव्हा श्यामसुंदरच्या कानात पिटकेर्न बेट बोलत होतं.

कांजूरमार्गच्या त्या सात मजली सोसायटीच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, तो हेडफोन लावून बसला होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला एकच वेड होतं, हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी यंत्रावरून, शंभर देश गाठायचे. प्रत्येक देशाकडून टपालाने कार्ड यायचं, बोलणं झाल्याची पोच. शंभर कार्डं झाली की मानपत्र. नव्याण्णव जमली होती आणि वर्षभर गाडी तिथेच अडली होती. पिटकेर्न म्हणजे प्रशांत महासागरातला एक ठिपका, पण मानपत्राच्या यादीत तो देशच. तिथे चार हौशी माणसं आठवड्यासाठी यंत्रं घेऊन उतरली होती आणि त्यांचा आज शेवटचा दिवस होता.

मोर्सच्या कट्-कडाच्या कलकलाटातून श्यामसुंदरला स्वतःचं सांकेतिक नाव ऐकू आलं. अंगावर काटा आला. आता तिकडून आकडा यायचा, आवाज कसा पोचतोय त्याचा. तो नीट ऐकायचा, ‘मिळालं’ म्हणून कळवायचं, मग आपला आकडा द्यायचा. एवढं झालं तरच बोलणं झालं. नेमका तेव्हाच बाहेर अँटेनाचा खांब ताणून धरणारी तार तुटली, खांब कलला आणि आकडा खरखरीत बुडाला. मोर्सच्या कळीवरची बोटं मात्र सवयीने चालत राहिली. त्यांनी ‘मिळालं’ कळवलं, आकडाही देऊन टाकला. पुढच्या घावाला केबल तुटली.

तो धावत बाहेर आला. खांबापाशी सातव्या मजल्यावरचा राजाराम उभा होता, वीस वर्षांपासूनचा शेजारी. त्याची बायको जयंती पंधरा दिवसांपूर्वी कॅन्सरने गेली होती.

“तुझ्या ह्या तारेन खाल्ल्यान तिका,” राजाराम म्हणाला.

तारेने कॅन्सर होत नाही हे सांगायची ती वेळ नव्हती, हात जोडून उभं राहायची होती. पण श्यामसुंदरच्या डोक्यात मेलेली बाई नव्हतीच, बेट होतं. त्याने पडलेला अॅल्युमिनियमचा पाइप उचलला आणि सरळ राजारामच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. राजारामने रक्त थुंकलं, कोयता उलटा धरला आणि श्यामसुंदरच्या उजव्या हातावर मारला. दोन बोटं तुटल्यासारखी लोंबली. मग साठी उलटलेले दोघे एकमेकांवर पडले. पाण्याच्या टाकीखाली लोळले, ओरबाडले, चावले. श्यामसुंदरने त्याचं डोकं दोनदा कठड्यावर आपटलं. वॉचमन लवूने त्याला ओढून काढलं, तरी त्याचे पाय लाथा मारतच होते. लाज वाटावी असा प्रकार, पण त्या घटकेला त्याला लाज वाटली नाही.

पोलीस चौकीत दोघांनी समजुतीच्या कागदावर सही केली. राजारामने एका हाताने जबडा धरून, श्यामसुंदरने डाव्या हाताने. पुढे इस्पितळात राजारामचा जबडा हाड जुळेपर्यंत तारांनी बांधला गेला, तोवर बोलणं बंद.

महिन्याभराने पिटकेर्नचं कार्ड आलं. मुलगी, श्रुतिका, ते नाचवतच घरात शिरली. शंभर देश झाले होते. श्यामसुंदरने मात्र प्लास्टरमधला हात सावरत कार्ड घेतलं. मग म्हणाला, तिकडचा आकडा त्याने ऐकलाच नव्हता.

“बाबा, तुम्हीच सांगता ना, गर्दीत सगळ्यांना एकच आकडा देतात. मग ऐकलं काय नि नाही काय? कोणाला कळतंय?”

खरंच कोणालाच कळलं नसतं. दोन दिवस त्याने कार्ड उशाशी ठेवलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि ते सोडवेना म्हणून स्वतःवरच चिडला. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं, कार्ड पाठवणाऱ्यांना लिहिलं, की माझ्याकडून ऐकणं पूर्ण झालं नव्हतं, नोंद रद्द करावी. पाकीट बंद केलं आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकलं.

तरी तो ‘मिळालं’ शब्द काही पिच्छा सोडेना. गेल्या वर्षी राजाराम तीनदा गच्चीवर आला होता. जयंतीबद्दल काहीतरी होतं, पाच मिनिटं खाली ये असं काहीसं. तिन्ही वेळा श्यामसुंदरने एका कानावरचा हेडफोन सरकवला होता आणि म्हटलं होतं, हो रे, समजलं. राजाराम नक्की काय म्हणाला, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नव्हतं.

पोस्टातून परतताना तो सहाव्या मजल्यावरच्या आपल्या घरी थांबला नाही. एक जिना आणखी चढला आणि बेल वाजवली. राजारामने दार उघडलं.

“राजा, तू वर येऊन सांगायचास ना, ते मी ऐकलंच नव्हतं रे. आता सांग.”

राजाराम त्याच्याकडे बघत राहिला. ओठ हलले, आवळलेल्या दातांवरच्या तारा दिसल्या, घशातून नुसता घरघर आवाज आला. मग आत गेला आणि एक खुर्ची आणून उंबऱ्याशी ठेवली.

श्यामसुंदर बसला. तारा निघायला अजून दहा दिवस होते.