चाकाचा पिंजरा

टेम्पोतनं पिंजरा उतरवला आणि सिद्धूचं डोकं फिरलं. जाड पाइपांचं ते धूड चौघांनी रेटत रेटत दुकानाच्या पत्र्याखाली आणलं, तर निम्मी जागा त्यानंच खाल्ली. जॅक कुठं ठेवायचा, जुनी टायरं कुठं रचायची, कशाचा कशाला मेळ राहिला नाही. सिद्धू कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"वयनी, ह्यात चाक घालायचं का म्हस बांधायची?"

सुलाबाईनं टेम्पोवाल्याला तांब्याभर पाणी दिलं आणि पिंजऱ्याचं दार एकदा उघडून, एकदा लावून बघितलं.

सिद्धू तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तवा तो कोकरांमागं पळणारं शेंबडं पोरगं होतं. तिच्याच हातची भाकरी खाऊन वाढलेला, त्यामुळं तिच्यापुढं आवाज चढवायचा नाही. पण त्या दिवशी चढवला. ऊसतोड ऐन भरात होती. ट्रॉल्यांची रीघ लागलेली. चाक आलं की हवा भरून वाटेला लावायचं, हा हंगामाचा धंदा. आता चाक पिंजऱ्यात ढकला, दार लावा, लांबनं हवा सोडा, परत बाहेर काढा, एवढं होईस्तोवर गिऱ्हाईक फाट्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाणार, असं त्याचं म्हणणं. शेवटी तो म्हणाला, "दादानं आयुष्यभर उघड्यावरच हवा भरली."

"व्हय," सुलाबाई म्हणाली. "आयुष्यभर."

सिद्धूनं जॅक उचलून पिंजऱ्यामागं सरकवला.

कवठे महांकाळातनं बाहेर पडलं की रस्त्याकडेला लिंबाखाली हे दुकान. सुलाबाईचा नवरा कोंडीबा, त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. उन्हाळा आला की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून कृष्णाकाठाला जायचं. कोंडीबानं कळप मोडला आणि पंक्चरचं दुकान घातलं, तवा भावकी हसली होती. पण पुढं म्हैसाळच्या योजनेचं पाणी आलं, माळावर द्राक्षं आली, ऊस आला, त्यामागनं ट्रॅक्टर आले, आणि कोंडीबाच्या हाताला उसंत राहिली नाही. भाकरी मोडली तरी त्याच्या बोटांना रबराचा वास यायचा.

तो गेला दसऱ्याच्या तोंडावर. ट्रॉलीच्या मोठ्या चाकाला टायर धरून ठेवायला एक लोखंडी कडं असतं, त्याला रिंग म्हणतात. आत हवा भरत गेली की सगळा जोर त्या रिंगवर येतो. त्या चाकाची रिंग गंजलेली होती, खाचेत पुरती बसत नव्हती. कोंडीबानं हवा बंद न करताच वरनं हातोडा घातला. रोज घालायचा तसाच. सगळेच घालतात. रिंग सुटली ती त्याच्या छातीवर आली.

सुलाबाई तवा रानात शाळू भांगलत होती. आवाज तिनंही ऐकला. मान वर केली, खाणीत सुरुंग उडाला असंल म्हणून परत खाली घातली, आणि खुरपत आणलेली ओळ, हातातली पाथ, पुरी केली. पाथ संपली तवा बांधावरनं माणसं पळत येताना दिसली.

तेव्हापासनं तिला काही वाटेनासं झालं. बायका गळ्यात पडून रडल्या, ती त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. हात अंगाखाली सापडून बधिर व्हावा आणि दुसऱ्याचा असल्यागत वाटावा, तसं सगळं अंगच झालेलं. भाकरी थापायची, शेरडाची धार काढायची, झाडलोट करायची, सगळं वेळच्या वेळी. भावकीतल्या बायका आपसात बोलायच्या, दगडाची हाय म्हणून. तिच्या कानावर यायचं. तिला वाटायचं, असंल. पेपरात बातमी आली, टायर फुटून एक ठार. कोंडीबाचं नाव कोंडीराम छापलं होतं. लेक राणीनं ते वाचून दाखवलं आणि रडायला लागली. सुलाबाईनं पेपर घडी करून फळीवर ठेवला, भांडी पालथी घालायला कामाला येईल म्हणून.

दहाव्याला सांगलीचे हंबीरराव आले. मिलिटरीत गाड्या चालवून आलेला माणूस, आता टायरचं मोठं दुकान, आणि जिल्ह्यातल्या टायरवाल्यांच्या संघाचे पुढारी. त्यांनी सांगितलं, ह्या बातमीनं सगळे दुकानदार हबकलेत, काम करताना काय जपायचं ते सांगायला बैठक ठेवलीय, तुम्ही या. दुसरी असती तर नको म्हणाली असती. सुलाबाईला नको म्हणायचंही सुचलं नाही. सिद्धूला घेऊन ती यष्टीनं सांगलीला गेली.

हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. पडद्यावर लिंबाखालचं त्यांचंच दुकान दिसलं, तवा सिद्धूनं मान खाली घातली. सुलाबाई बघत राहिली. हंबीरराव एकेक गोष्ट सांगत होते. रिंगला हात लावायच्या आधी सगळी हवा सोडायची. गंजलेली, वाकलेली रिंग भंगारात टाकायची. हवा असताना हातोडा उचलायचा नाही. चाक पिंजऱ्यात घालून हवा भरायची. नळी लांब ठेवायची आणि चाकाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. सुलाबाई मनात म्हणत होती, हे त्येनं केलं न्हाई. हे बी केलं न्हाई. राग यावा तर तोही येईना. पुढच्या खुर्चीवरचा माणूस शेजाऱ्याच्या कानाशी लागला, मयत गड्याचीच चूक दिसतीया. मागं कोण बसलंय ते त्याला कुठं ठावं. सिद्धू ताडकन उठायला लागला, तिनं त्याची बाही धरून खाली बसवलं. बोलला ते काही खोटं नव्हतं.

सगळ्यांनी उभं राहून कोंडीबाला श्रद्धांजली वाहिली. मग हंबीररावांनी विचारलं, "ताई, काय बोलायचं हाय का?"

सगळा हॉल मागं वळून बघायला लागला. पुढच्या खुर्चीवरचा माणूस जागच्या जागी आकसला.

"पिंजरा कुठं मिळतो?" ती म्हणाली.

हंबीररावांनी हातातला माईक खाली ठेवला. मग म्हणाले, "गावात पाइप डकवून केल्याला चालत न्हाई, ताई. टिकणारा लागतो. मी धाडतो."

तो हा पिंजरा. गावानं तो येऊन बघितला. एक म्हातारा पाराकडं जाता जाता थांबला, पाइपावर काठी वाजवून म्हणाला, "बैल गेला नि झोपा केला म्हण की सुले."

"दावणीला अजून एक हाय, आबा," ती म्हणाली आणि झाडू मारायला लागली.

पण सिद्धूच्या गळी ते उतरलं नव्हतं. ती दुकानात असली की चाक पिंजऱ्यात जायचं, ती रानात गेली की बाहेरच भरलं जायचं. एकदा ती वेळेआधी आली, तर पिंजऱ्याच्या पाइपांवर सिद्धूचा सदरा आणि ऑइलची फडकी वाळत घातलेली. ती त्याला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासनं रानात जायचं मात्र तिनं सोडलं. शाळवात तण माजलं. ती लिंबाखाली पोतं टाकून बसून राहायची. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं, तेही बसल्या बसल्या बघायची.

अशात नानासो आला. गावातलाच, स्वतःचा ट्रॅक्टर, कोंडीबाच्या मांडीला मांडी लावून बसणारा. उसानं भरलेली ट्रॉली रस्त्याकडेला कलली होती, कारखान्यावर नंबर लागायचा होता. पिंजऱ्याकडं बघून त्यानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, एवढा वेळ न्हाई माझ्याकडं, बाहेरच मार हवा. आणि आवाज खाली आणून सिद्धूला म्हणाला, "कोंड्याचं नशीब फुटकं हुतं रं. रोज थोडंच तसं हुतंय."

सिद्धूनं वहिनीकडं बघायचं टाळलं. चाक नीट करून त्यानं लिंबाच्या बुंध्याला टेकवलं, रिंगची बाजू बाहेर ठेवून, आणि नळी ओढली.

सुलाबाई पोत्यावरनं उठली. चालत गेली आणि चाकाच्या पुढ्यात, रिंगच्या समोर, चुलीपुढं बसावं तशी मांडी घालून बसली.

"भर हवा," ती म्हणाली.

"वयनी, उठा."

"भर की. रोज थोडंच हुतंय."

नानासो कावराबावरा झाला. "आवं वयनी, काय ह्ये? लोकं बघत्यात."

"बघू द्या. मागच्या बारीला कुणी बघितलं न्हाई."

रस्त्यावरनं एक ट्रॉली धुरळा उडवत गेली. तो धुरळा तिच्या तोंडावर, पदरावर बसला, तिनं झटकला नाही. तिला भ्या वाटत नव्हतं, धीटपणाही वाटत नव्हता. तिथं बसायचं होतं, एवढंच तिला कळत होतं.

 सिद्धूनं नळी खाली टाकली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, "त्या दिशी दादानं मला च्या आणाय धाडलं. न्हाईतर हातोडा माझ्या हातात असता."

"म्हाईत हाय," सुलाबाई म्हणाली. "म्हनून तर बसलीया."

सिद्धूनं बाहीनं तोंड पुसलं. पिंजऱ्यावरची फडकी काढून फेकली, चाक ढकलत आत नेलं, दार लावलं. नळी जोडून तो लांब, बाजूला जाऊन उभा राहिला. नानासोलाही त्यानं दंडाला धरून बाजूला ओढलं. सुलाबाई उठून लिंबाआड आली. हवा सुटली. मशीन धडधडत राहिलं. काटा चढत गेला. मधेच रिंग टक्क करून खाचेत बसली. मग काटा जागेवर आला आणि सिद्धूनं हवा बंद केली.

एवढंच झालं. चाक भरलं.

नानासो चाक चढवून घेताना पुटपुटत होता, एवढा कुटाणा केला आणि झालं काय? काय बी झालं न्हाई. उगंच नंबर गेला माझा.

"काय बी झालं न्हाई," सुलाबाई म्हणाली, आणि त्याला वाटेला लावलं.

दुपारी सिद्धू घरी जेवायला आला. हातपाय धुऊन चुलीपुढं बसला, खाली मान घालून भाकरी संपवली, आणि ताट पुढं सरकवून म्हणाला, आणि एक वाढा. सुलाबाईनं परातीत पीठ घेतलं. मळता मळता ती त्याच्या हातांकडं बघत होती. बोटं काळी होती, नखांत ग्रीस होतं, रबराचा वास येत होता. तिनं भाकरी थापली आणि तव्यावर टाकली.