गुंजेचे डोळे

अनसाबाईंनी करवंटी तिसऱ्यांदा पालथी केली. गुंजा सातच निघाल्या. असायला हव्या होत्या नऊ.

"कार्तिके, इकडं ये. त्वांड उघड बघू."

पाच वर्षांच्या कार्तिकीनं शहाण्यासारखा आ केला. तोंडात काही नव्हतं.

"गोड न्हवत्याच, आज्जे. तू खोटं सांगितलंस," ती फुरंगटून म्हणाली.

अनसाबाईंनी पोरीला उचललं आणि गाडी काढा म्हणून हाका मारल्या.

न्हावऱ्यात मारुतीच्या सभामंडपात तेजश्रीनं पोरांसाठी उन्हाळी शिबिर लावलं होतं. उसाचं पाचट, मक्याच्या कणसांची सालं, रिकाम्या बाटल्या, फाटकी पोती, लोक फेकतात ते पोरं गोळा करून आणायची आणि त्याचे बैल, चिमण्या, घरं व्हायची. मेंढ्या मात्र अनसाबाईंच्या, गावातल्या सगळ्या पोरांच्या आज्जीच्या. बाटलीवर खरी लोकर, काटक्यांचे पाय आणि डोळ्यांना तांबड्या-काळ्या गुंजा. गुळगुळीत गुंजेला डिंक धरेना. मग त्यांनी घरी गुंजा पाण्यात भिजत घातल्या, दाभणानं एकेकीला आरपार भोक पाडलं आणि डोळे दोऱ्यानं शिवायला घेतले.

काल शिवता शिवता त्या आपल्याच नादात बोलत होत्या. लहानपणी बापामागं मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. वाटेत गुंजेचा वेल दिसला की पाला ओरबाडून तोंडात टाकायचा, खडीसाखरेसारखा गोड! पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. पण त्याच वाटेवर आई पाठीत धपाटा घालून म्हणायची, "पाला खा, बी दाताखाली घिऊ नगं, मरशील." तेवढं सांगायचं राहून गेलं. इतक्या वर्षांत त्यांच्या जिभेवर नुसता गोडवा उरला होता.

देवळाशेजारच्या पोपटरावांनी गाडी काढली. कार्तिकीची आई, सविता, कांद्याच्या वखारीतून तशीच मातीच्या हातांनी धावत आली. गाडी शिरूरच्या रस्त्याला लागली, तेव्हा तेजश्री मोबाइलवर वाचून म्हणाली, "घाबरू नका वहिनी. बी अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं. कवच टणक असतं त्याचं."

"मी चावलंच न्हाई," कार्तिकी म्हणाली. "गिळलं. दोन."

"देवच पावला गं बाई!" सवितानं पोरीला छातीशी आवळलं.

भोकांचं तेजश्रीच्या ध्यानातच नव्हतं. अनसाबाईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि सविताचा उजळलेला चेहरा बघून मिटलं. गाडीत वारा लागत होता तरी त्यांच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. दवाखान्यात सांगू, त्या मनाशी म्हणाल्या. दवाखाना आला, तर पाय उंबऱ्यातच अडले.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली. "अख्ख्याच गिळल्यात ना?"

"हो, अख्ख्याच," तेजश्री म्हणाली.

"मग संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवू आणि घरी सोडू."

पोपटराव हसले. "बघ, उगंच जीव टांगणीला लावलास सविता."

आता गप्प राहिलं तर कुणी कधी विचारणार नव्हतं. गावात मान राहिला असता, शिबिर राहिलं असतं. कार्तिकी पलंगावर पाय हलवत बसली होती. तिचे ते पाय बघून अनसाबाई उंबरा ओलांडून आत आल्या.

"डाक्टर," त्या म्हणाल्या. "त्या बियांस्नी भोकं हायती. मीच पाडली. भिजवून, दाभणानं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "किती वेळ झाला?"

"सव्वा तास," तेजश्री पुटपुटली. तिचा रंग उडाला होता.

मग पळापळ झाली. नळीनं काळं औषध पोटात गेलं, हाताला सलाईन लागलं, कार्तिकी किंचाळत राहिली. सवितानं वळून पाहिलं.

"आक्का, गाडीत का न्हाई बोलला?"

"भ्या वाटलं," एवढंच अनसाबाई म्हणाल्या.

"तुमास्नी? आन् माझ्या लेकराचं?"

दुसऱ्या दिवशी पोरीला रक्ताचे जुलाब झाले. अंग थंडगार पडलं. डॉक्टर म्हणाले, उद्याचा दिवस निघू द्या. अनसाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. आतून नर्सची चप्पल वाजली की त्या अर्धवट उठायच्या. कुणी चहा विचारला नाही, घरी जा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. चौथ्या दिवशी कार्तिकीनं चिवडा मागितला.

डॉक्टर सविताला म्हणाले, "भोकांचं कळलं नसतं, तर मी हिला त्याच संध्याकाळी घरी सोडलं असतं."

पाचव्या दिवशी पोपटराव गाडी घेऊन आले. अनसाबाई एसटीसाठी स्टँडकडं चालू लागल्या, तसं सवितानं दार उघडून धरलं.

"बसा."

कार्तिकी दोघींच्या मधे झोपली. न्हावरे येईपर्यंत अनसाबाई तिचं पोट वरखाली होतंय का, तेच बघत राहिल्या.

"चालूय तिचा श्वास, आक्का," सविता खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मीबी त्येच बघतीय."