मिठाची पुरचुंडी

"मीठ? गांजाच्या बरणीत मीठ टाकलंस तू?"

"फडक्यात बांधून टाकलंय," बाबा म्हणाला. तो पावाच्या तुकड्यावर टोमॅटो चोळत बसला होता, मान वर करायचं त्याने नावही घेतलं नाही.

"विचारलंस मला?"

"विचारलं की तू भांडतोस. न विचारता केलं तरी भांडतोस. म्हटलं, निदान काम तरी होऊ दे."

मी बरणीत हात घालून पुरचुंडी बाहेर काढली. चिंब ओली होती. तिच्याखालच्या तीन कळ्यांवर कोळिष्टकासारखं पांढरं काहीतरी धरलं होतं. बुरशी. पुरचुंडी मी खिडकीतून अंगणात भिरकावली.

"बघ. तुझ्या ओल्या मिठाने वाट लावली."

"घातलं तेव्हा खडखडीत कोरडं होतं, इंद्री."

हा गांजा झिया रोझारीचा. झिया म्हणजे बाबाची थोरली बहीण. आमच्याकडेच राहते, मला तिनेच वाढवलं. तिच्या पायांत असे गोळे येतात की ती उशी चावते. गांजाची वाफ घेतली की तासाभरात पाय सैल पडतात. कायद्याने घरटी चार झाडं लावता येतात. ती मी गच्चीवर भिंतीआड लावली, सप्टेंबरात कापली, सावलीत टांगून वाळवली. सहा बरण्या भरल्या, पुढच्या हंगामापर्यंत पुरतील एवढ्या. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, बुरशी लागलेलं चालणार नाही. इतर औषधांनी तिची छाती आधीच नाजूक झालीय. बुरशी आत गेली तर पाय राहतील बाजूला, श्वासाचीच पंचाईत होईल.

दोन आठवड्यांपूर्वी ती आमच्या छोट्या बेटावरून पलीकडे, माल्टाच्या मोठ्या इस्पितळात गेली. जहाजावर चढताना म्हणाली, "शाळा सोडलीस तेव्हा मी तुला एक शब्द बोलले नाही. हे मात्र अर्धवट सोडू नकोस."

कळ्या वरून वाळल्या तरी देठात ओल राहते. बरणीत ती हळूहळू बाहेर येते. म्हणून रोज थोडा वेळ झाकण उघडायचं, हवा द्यायची, परत बंद करायचं. आतली ओल साठ टक्क्यांच्या आसपास पाहिजे. खूप खाली गेली की कळ्यांचा चुरा होतो, पासष्टच्या वर गेली की बुरशी. त्यासाठी मी ओल मोजणारं नाण्याएवढं यंत्र आणलं होतं. कुठल्याही बरणीत ठेवा, एकसष्ट दाखवायचं. मी खूश.

गेल्या आठवड्यात आफ्रिकेकडचा वारा सुटला. भिंतींना घाम, चादरी चिकट. बाबा मिठागरातला माणूस. संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "ताडपत्रीखालच्या पोत्यांना पाणी सुटलंय. तुझ्या बरण्या बघ एकदा."

"यंत्र एकसष्ट म्हणतंय. तुझे गुडघे किती म्हणतायत?"

तो माझ्या माघारी एका बरणीत पुरचुंडी टाकून आला.

तर भांडण तिथे थांबेना. मी म्हटलं, "थांब, तुझ्याच मिठाने तुला दाखवतो." ओलसर मीठ झाकणात घेऊन यंत्रासोबत काचेच्या डब्यात बंद केलं, तर आतली हवा पंचाहत्तरवर येऊन थांबते. यंत्र खरं की खोटं ते त्यावरून कळतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. करून बघितलं नव्हतं. यंत्र नवंकोरं होतं आणि मला घाई होती.

बाबाने मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

सकाळी उठलो तर तो डब्यासमोर बसलेला. हात लावला नव्हता. काचेतून आकडा दिसत होता. त्रेसष्ट.

"किती पाहिजे होता?"

"पंचाहत्तर."

"म्हणजे तुझे ते एकसष्ट..."

"त्र्याहत्तर. मला बेरीज येते."

पुरचुंडी कशाने भिजली ते तेव्हा कळलं. ती बरणीतली ओल पीत होती. आणि मी रोज झाकणं उघडून त्याच दमट वाऱ्यात हवा देत होतो.

बाकीच्या पाच बरण्या टेबलावर ओतल्या. त्यांत मीठ नव्हतंच. तरी तीन बरण्यांत बुरशी, काही कळ्यांत तर आत देठापर्यंत. बाबा चीज वाळवायच्या जाळ्या घेऊन आला. चांगल्या निघालेल्या दोन बरण्यांतला माल आम्ही त्यावर पसरला आणि खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या.

उरलेल्या ढिगाकडे बघत मी दाढीचा ब्रश उचलला.

"तो कशाला?"

"वरवरची झटकली तर..."

"झटकलीय म्हणून तिला सांगशील?"

मी ब्रश खाली ठेवला. बाबा 'मी सांगत होतो' असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला ओरडायला तरी मिळालं असतं.

चार बरण्या खड्ड्यात ओतल्या, वर पाणी, वर माती. अंगणात पुरचुंडी तशीच पडली होती. उचलली तेव्हा दिसलं, फडकं झियाच्या जुन्या उशीच्या अभ्र्याचं होतं. दातांनी फाटलेल्या कोपऱ्याकडचं.

आज ती परत येतेय. उरलेलं फेब्रुवारीतल्या कार्निवलपर्यंत पुरेल, तेही जपून वापरलं तर. नवीन यायला पुढचा सप्टेंबर.

"मी सांगू का तिला?" बाबाने विचारलं.

"नको. बरण्या माझ्या होत्या."

"मग आधीच सांग. घरी येऊन कपाट उघडू देऊ नकोस तिला."

मी आता धक्क्यावर गाडीत बसलोय. ती दार उघडून बसली की पहिलं वाक्य तेच बोलायचं ठरवलंय, नाहीतर वाटेत मी दुसरंच काहीतरी बडबडेन. जहाज लागलं. ती काठी टेकत उतरतेय, माझ्याकडे बघून हात हलवतेय. मला आता उतरून तिच्याकडे जायला हवं.