पत्र्याकडचा ठिपका

मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढे कुणीतरी तुमच्या कानात सांगेलच. मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं हे माझं काम आणि रेघा वाळेपर्यंत गप्पा हाणणं हा माझा खरा धंदा. तरुणपणी मी एकदा चेंडू इतका उंच मारला होता की तो खाली येईपर्यंत मध्यंतर उरकलं, दोन्ही संघांनी बाजू बदलल्या आणि चेंडू आमच्याच जाळ्यात पडला. ही हकिकत मी आजवर चारेकशे लोकांना सांगितली. त्यातल्या तिघांनी ती खरी मानली. त्या तिघांबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही.

आता जे सांगणार आहे त्यात मात्र पदरचं काहीच नाही. असतं तर बरं झालं असतं.

आमचा क्लब विभागीय लीगमधला. निम्मा हौशी, निम्मा पगारी. म्हणजे आठवडाभर आपापल्या कामावर राबायचं आणि रविवारी बूट चढवायचे. गोलकीपर न्हावी होता, कप्तान बस चालवायचा आणि पेनल्टी मारायचा माझा भाचा, धाकट्या बहिणीचा एकुलता एक. तो लेथवर टर्नर. लोखंडाच्या दांड्यावर बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचा. कारखान्यातून सुटला की थेट मैदानावर यायचा आणि अंधार पडेपर्यंत पेनल्टीच्या ठिपक्यावरून चाळीस चेंडू मारायचा. चार पावलं, जमिनीलगत फटका, उजव्या खांबाला आतून घासून चेंडू जाळ्यात. चाळीसच्या चाळीस.

"मामा, अकरा मीटर माझ्या मांडीत मुरलेत," तो म्हणायचा. "डोळे बांध, तरी मारतो."

एकदा मी खरंच बांधले. त्याने मारला. ही थाप नाही.

आदल्या मोसमात आम्ही शेवटून दुसरे आलो होतो. न्हाव्याला पेनल्टी अडवता यायची नाही. चेंडू एकीकडे आणि हा गिऱ्हाइकाची मान वळवल्यासारखा दुसरीकडे. लोक हसायचे. मलाही ते लागायचं, कारण मैदान माझं, आणि माझ्या मैदानावर येऊन पाहुणे खुशाल जिंकून जातात म्हणजे काय? तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला.

पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून अकरा मीटरवर असतो. तो दीड हात मागे सरकवला तर? डोळ्यांना कळत नाही, पण पायाला कळतं. ज्याचा पाय पक्का, त्याचाच फटका चुकतो. कच्च्या माणसाला काही फरक पडत नाही, तो तसाही देवाच्या भरवशावर मारत असतो.

आमच्या लीगमध्ये एक रीत आहे. टॉस फक्त चेंडूला पहिला पाय कुणी लावायचा एवढ्यापुरता. बाजू ठरलेल्या. पाहुण्यांनी पहिल्या अर्ध्या खेळात पत्र्याच्या शेडकडच्या गोलवर चाल करायची, दुसऱ्या अर्ध्यात भिंतीकडच्या. त्यामुळे माझं काम सोपं झालं. सामन्याच्या सकाळी पत्र्याकडचा ठिपका दीड हात मागे मारायचा आणि खऱ्या ठिपक्यावर माती आणि कापलेलं गवत दाबायचं. मध्यंतरात सगळे चहाला गेले की चुन्याची बादली घेऊन रेघा उजळायला निघायचं, पत्र्याकडचा ठिपका पुन्हा जागेवर आणायचा आणि भिंतीकडचा मागे न्यायचा. सामना संपून मैदान रिकामं झालं की तोही जागेवर. रेफ्री एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, तुमच्यासारखी मेहनती माणसं राहिली नाहीत हो." मी लाजलो. लोकांना वाटलं, स्तुतीमुळे.

त्या मोसमात आमच्या मैदानावर पाहुण्यांना तीन पेनल्ट्या मिळाल्या. तिन्ही हुकल्या. एका बेकरीवाल्याची खांबाबाहेरून गेली, एका पोस्टमनची खांबावर आदळली आणि एका शाळामास्तराची न्हाव्याच्या हातात आली. ती आली तेव्हा न्हावी स्वतःच दचकला. पुढे त्याने दुकानात आरशाच्या वर स्वतःचा फोटो लावला. आम्ही वर वर सरकत गेलो आणि शेवटचा सामना उरला तेव्हा तो जिंकलो तर पहिले, अशी वेळ आली.

त्याच सामन्याला वरच्या लीगमधला एक प्रशिक्षक माझ्या भाच्याला बघायला आला. तपकिरी जाकीट, हातात वही, तोंडात शब्द मोजून. बहिणीने सकाळी मला बजावलं होतं, "दादा, तो माणूस आला की त्याच्यापाशी बस. चार चांगले शब्द सांग पोराबद्दल. पण तुझ्या त्या चेंडूची गोष्ट नको."

मी मध्यंतरात त्याच्यापाशी बसलो. चार चांगले शब्द सांगितले. त्याने मान हलवली. पाचवा शब्द सांगितला, सहावा सांगितला, आणि मग काय झालं कोण जाणे, त्याने विचारलं, "तुम्ही स्वतः खेळायचात का?"

असं मला कुणी विचारू नये. मी चेंडू वर मारला. तो वर गेला तो गेलाच. मी रेफ्रीला मान वर करून उभं केलं, प्रेक्षकांना घरून डबे आणायला पाठवलं, एका घारीला चेंडूवर बसवलं. तो मोजून बोलणारा माणूस गदगदा हसायला लागला, डोळे पुसायला लागला, म्हणाला, "पुढे?" आणि मी पुढे गेलो. चेंडू खाली येत होता, तेवढ्यात शिट्टी वाजली.

खेळ सुरू झाला होता. चुन्याची बादली माझ्या पायाशी, जशीच्या तशी भरलेली. पत्र्याकडचा ठिपका दीड हात मागेच. आणि आता पत्र्याकडे चाल करणार होते आमचेच.

मी मनात म्हटलं, पेनल्टी काय रोज मिळते का? एकोणचाळीस मिनिटं मी एकाच जागी उभा राहून हेच म्हणत होतो. बरोबरी होती. शेवटची सहा मिनिटं उरली आणि त्यांच्या एका दांडगटाने आमच्या कप्तानाला आडवा केला. रेफ्रीने ठिपक्याकडे बोट दाखवलं.

भाचा पुढे झाला. चेंडू ठेवला. जरा थबकला. खाली ठिपक्याकडे बघितलं, मग गोलकडे, मग पुन्हा ठिपक्याकडे. त्याच्या मांडीला कळलं होतं. तिथून वळून त्याने माझ्याकडे बघितलं, कारण मैदानाबद्दल काही शंका आली की तो लहानपणापासून माझ्याकडेच बघतो. मी काय करायला हवं होतं? "थांब" म्हणायला हवं होतं. एक शब्द. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसाला तेवढा एक शब्द जमला नाही. मी हात वर करून अंगठा दाखवला.

त्याने चार पावलं घेतली आणि तोच फटका मारला, अगदी तोच, आणि चेंडू खांबाच्या पुढच्या अंगावर आदळून बाहेर गेला.

सामना बरोबरीत सुटला. आम्ही दुसरे आलो. तपकिरी जाकिटातल्या माणसाने वही मिटली आणि जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "पाय चांगला आहे. ऐन वेळी कच खातो, एवढंच." दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पत्र्याकडचा ठिपका जागेवर आणला आणि खोट्यावर माती दाबली.

भाचा मैदानावर यायचा थांबला. ते एक वेळ चाललं असतं. पण लेथवर तो एकेक दांडा तीन-तीनदा मोजायला लागला. मोजून झालं की पट्टी बदलून मोजायचा. ज्या बोटावर सगळा कारखाना विसंबून होता, त्या बोटावर त्याचाच विश्वास राहिला नाही. "मामा, माझं माप गेलं," तो म्हणाला. एवढंच. रडला असता तर बरं.

शेवटी एका संध्याकाळी मी बहिणीच्या घरी गेलो आणि दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. माती, गवत, बादली, सगळं. बोलताना माझे कान तापले होते. संपलं तेव्हा भाचा हसत होता, किती दिवसांनी. बहीण पदराने डोळे पुसत होती.

"दादा," ती म्हणाली, "जन्मभर थापा मारल्यास, पण ही एक माझ्या लेकासाठी मारलीस."

"अगं, थाप नाही ही!"

"बरं, नाही." आणि तिने मला आणखी चहा ओतला.

भाच्याने टेप काढला. आम्ही मैदानावर गेलो. त्याने गोलरेषेपासून ठिपक्यापर्यंत मोजलं, गुडघे टेकून, डोळा टेपला लावून. अकरा मीटर. असणारच, मीच तर नीट केला होता.

"पण थाप झकास होती, मामा," त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी तू स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलंस. कोण करतं असं?"

त्याच क्षणी मातीखालचं दाखवायला हवं होतं. खुरपं शेडमध्येच होतं, वीस पावलांवर. पण इतक्या वर्षांत मला कुणी चांगला माणूस म्हटलं नव्हतं, आणि ते मला गोड लागलं. मी गप्प घरी आलो. बहिणीने दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. गल्लीत सांगत सुटली, माझा दादा असा नि माझा दादा तसा. मला रस्त्यावरून चालवेना.

नऊ दिवस मी तो चांगुलपणा मिरवला. दहाव्या दिवशी कळलं, कारखान्यात भाच्याला लेथवरून काढून पेट्या बांधायला बसवलं. फोरमन म्हणाला होता, तात्पुरतं. स्वेटरची एक बाही तोवर पुरी झाली होती.

मी कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो, सुट्टी झाल्यावर त्याला तसाच मैदानावर आणला आणि पत्र्याकडच्या ठिपक्यामागे दीड हातावर खुरपं घातलं. वरचं गवत निघालं, दोन बोटं माती निघाली आणि खाली पांढरं लागलं. पूर्ण मोसमाचा चुना, थरावर थर, गोल, मुठीएवढा. त्याने बोटाने तो उकरला. बोटावर घेऊन चोळला. मग टेप लावला. अकरा मीटर आणि वर सत्तर सेंटिमीटर.

त्याने बसल्या बसल्या टेप गुंडाळला. मला वाटलं, आता हात उगारेल. उगारावा असं फार वाटत होतं.

"किती सामने?" त्याने विचारलं.

"घरचे सगळे."

"आणि त्यांच्या पेनल्ट्या?"

"तीन."

"त्या तिघांना माहीत आहे?"

खरं सांगतो, ते तिघं माझ्या डोक्यातही आले नव्हते. मी आपला भाच्याच्या नावाने झुरत होतो. त्या तिघांनाही पाय होते, घरं होती, तीही माणसं त्या रविवारी घरी जाऊन जेवली असतील किंवा नसतील, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. माझी मान खाली गेली.

"चला," तो उठून म्हणाला. "तुम्ही चला माझ्याबरोबर."

आजवर मला 'तू' म्हणणाऱ्या पोराने मला 'तुम्ही' म्हटलं. हात उगारला असता तर इतकं लागलं नसतं.

बसने तासभर. पहिलं घर शाळामास्तराचं, कारण ते जवळ. भाचा फाटकापाशी थांबला, "जा" एवढंच म्हणाला. दार मास्तराने उघडलं. हातात वह्यांचा गठ्ठा, कानामागे लाल पेन. मी ओळख दिली आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं. घार नाही, डबे नाहीत. चार वाक्यांत संपलं. इतकी छोटी गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती.

"दीड हात?" तो म्हणाला.

"दीड हात."

त्याची बायको मागे येऊन उभी राहिली होती. "म्हणूनच!" ती म्हणाली. "आणि हे मेले रात्रंदिवस स्वतःलाच खात बसले. बूट देऊन टाकले शेजाऱ्याला."

मास्तर मला मारेल असं वाटलं, पण तो नुसता बाजूला झाला. "आत या," तो म्हणाला. "त्या दिवशी माझे वडील मैदानावर होते. मी खेळतो ते बघायला पहिल्यांदाच आले होते. तेव्हापासून फुटबॉलचा विषय निघाला की ते उठून खोलीत जातात. मला नका सांगू, त्यांना सांगा."

म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, ताठ, दाढी घोटलेली. मी समोर उभा राहिलो आणि जमिनीकडे बघत पुटपुटलो.

"मोठ्याने बोला," मास्तर म्हणाला. "त्यांना कमी ऐकू येतं."

खिडकी उघडी होती. बाहेर बायका वाळलेले कपडे काढत होत्या, दोन माणसं सायकल दुरुस्त करत होती, फाटकापाशी माझा भाचा उभा होता. मी घसा खाकरला.

"मी ठिपका मागे सरकवला होता!" मी ओरडलो. "तुमच्या मुलाचा फटका बरोबर होता! मी लबाडी केली!"

बाहेर सायकलवाल्यांचा पाना थांबला. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला आणि पुढे झुकला.

"कोणी केली?"

मी छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून घेतला आणि पुन्हा सुरुवातीपासून ओरडायला लागलो.